साडेअकरा इंच

साडेअकरा.

*

नांदेडची बस फाट्यावर वळते तेव्हा दुकानाच्या काचा हलतात आणि आरशातला माणूस क्षणभर दोन होतो.

*

भाताच्या पेजेत आयोडिनचा थेंब टाकला की पेज निळी-काळी होते. आठवीच्या पुस्तकात होतं.

*

माप देणाऱ्यानं टेपकडं बघू नये. बघितलं की अंग फुगतं. भिंतीकडं बघावं.

*

चकतीवर दहा किलो असं उठवलेलं असलं, म्हणून ती दहा किलोची असते असं नाही.

*

मेलेल्या शिंप्याची कात्री दुसऱ्याच्या हाताला बसत नाही म्हणतात. अंगठ्याची कडी झिजत झिजत त्याच्याच अंगठ्याची झालेली असते. अब्बांची कात्री जुबेरच्या हाताला पहिल्याच दिवशी बसली.

*

सात महिने. साडेअकरा.

*

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास धनसिंग राठोडनं जुबेरचा दंड धरला. त्यात वाईट असं काही नव्हतं. धनसिंग तांड्यावरचा, अब्बांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. समोरच्याला हात लावल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही. बायको रूपाबाई आणि पुतणी कोमल यांना माप द्यायला घेऊन आला होता आणि स्वतः चहाला निघाला होता. निघता निघता काउंटरवरून हात लांब करून त्यानं जुबेरचा उजवा दंड चिमटीत आल्यासारखा धरला आणि हसला. "काय मास्तर, तुमी बी कादरमास्तरवानी वाळून राहिले की काय? खात जा की काही." आणि गेला. बाहेर हदगावची जीप भरत होती, तिच्यावरच्या पोराला त्यानं जाता जाता काहीतरी टोमणा मारला, तो पोरगा हसला. म्हणजे धनसिंगला आपण काय बोललो ते तिथवर आठवतही नव्हतं. जुबेरचा हात मात्र काउंटरवर तसाच राहिला, बोटांत खडू. ही पकड त्यानं आठवून पाहिली. धनसिंगचा अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकलं होतं का? टेकलं असेल तर धनसिंगची मूठ किती मोठी? धनसिंगच्या मनगटाचं माप वहीत असेल, मनगटावरून बोटांचा अंदाज येतो. तो वही काढायला वाकला आणि मग काढली नाही.

अब्बा वाळले नव्हते. अब्बा वितळले होते. नांदेडच्या डॉक्टरनं हाच शब्द वापरला होता, आणि जुबेरला तेव्हा तव्यावर ठेवलेला लोण्याचा गोळा दिसला होता, त्याची आजही लाज वाटते. सुरुवात अंगठ्यापासून झाली. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तिथं खळगा पडला, इतका की अब्बा त्यात सदऱ्याची बटणं ठेवून दाखवायचे आणि गिऱ्हाइकांना हसवायचे. मग जाड कापडावर कात्री दाबेना. मग दंड गेला. बाहीत हात घालताना बाही रिकामीच आहे असं वाटायचं. तीन वर्षं लागली. शेवटी अम्मी, रहमतबी, त्यांना घास भरवायची आणि अब्बा तिच्या हाताकडं बघायचे. तोंडाकडं नाही, हाताकडं, कापड बघावं तसे. त्याच डॉक्टरनं चिठ्ठी लिहिता लिहिता, मान वर न करता सांगितलं होतं, की हे कधीकधी घराण्यात असतं, पोराचं रक्त एकदा तपासून घ्या, हैदराबादला पाठवावं लागतं. अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली. जुबेरनं रक्त दिलं नाही. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलतात. हैदराबादला एका दिवसात किती बाटल्या येत असतील. कुण्या भलत्याच माणसाचं मरण पाकिटात घालून फाट्यावर पाठवतील आणि आपण ते सही करून घ्यायचं. त्यापेक्षा त्यानं साधा हिशेब केला होता: जे वाढतं ते वितळत नाही. दंड वाढला, तर तो रोग आपल्यात नाही. नाही वाढला, तर आहे.

म्हणून नोव्हेंबरात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो टायरच्या दुकानावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये योगेशच्या जिमला जायला लागला. सकाळी सहा ते सात. तिथली बाकीची पोरं भरतीची किंवा लग्नाची, आरशात बघणारी. जुबेर आरशाकडं पाठ करून उभा राहायचा. योगेश कळमनुरीचा, मानेपुढं डोकं लहान वाटावं असा माणूस, म्हणायचा, "जुबेरभाई, टाइम लागतो. काहींची बॉडी हट्टी असते. मन लावून करा, येतंय." येतंय. कुठून येतंय? पहिल्या महिन्यात तो पाच किलोचं डंबेल उचलताना थरथरायचा, आता साडेबारा उचलतो, हे खरं. पण त्यानं स्वतःला समजावलं होतं की ते कसब असेल. सुरुवातीला काज करायला त्याला दहा मिनिटं लागायची, पुढं दोन लागायला लागली, म्हणून काय बोटं जाड झाली? वजन चार किलो वाढलं होतं. पण वजन पोटाचंही असतं, पाण्याचंही असतं. अब्बांचंही एका उन्हाळ्यात वाढलं होतं, सगळ्यांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. ती सूज होती. कपडे सांगतील म्हणावं, तर तो घालायचा अब्बांनीच कापलेले जुने सदरे, इतके ढिले की त्यांच्यात आणखी एक जुबेर मावला असता.

मग त्यानं एकेक गोष्ट पकडायला सुरुवात केली. आधी टेप. कापडी टेप ओढून ओढून लांबतो, लांबला की आकडा कमी दाखवतो, हे प्रत्येक शिंप्याला ठाऊक असतं. त्यानं नवा टेप आणला, लोखंडी पट्टीला लावून बघितला, बराबर निघाला. जुना लावला, तोही बराबर. मग योगेशनं दिलेली प्रोटीनची पावडर. डब्यातून सुटी काढून दिलेली, प्लास्टिकच्या पुडीत. तिच्यात मैदा मिसळला असणार. त्यानं मेडिकलमधून आयोडिन आणलं, पेल्यात पावडर कालवली, थेंब टाकला. निळं झालं नाही. मग आयोडिनच जुनं असेल म्हणून त्यानं अम्मीच्या भाताच्या पेजेत थेंब टाकला. पेज शाईसारखी झाली. अम्मी बघत होती. "खाया सो किधर जारा की इस का," ती त्याच्या बायकोला, आफिफाला म्हणाली, "और अब चावल में दवा डालरा." तिसरी गोष्ट, जिममधली वजनाची चकती. एका सकाळी दहा किलोची चकती ड्रेसच्या पिशवीत घालून तो सोयाबीनच्या आडतीवर गेला आणि काट्यावर ठेवली. दहा किलो दोनशे. दोनशे ग्रॅम जास्त, म्हणजे योगेशनं त्याला फसवलं तर नव्हतंच, उलट फुकट दिलं होतं, आणि हे त्याला आणखीच विचित्र वाटलं. लोक उगाच फुकट देत नाहीत. अंडी सहा आणलेली पाचच निघायची, ती अम्मी मांजरीला घालायची, हे त्यानं शोधून काढलं. पण एका अंड्यानं सात महिन्यांचं उत्तर मिळत नाही.

राहिली आफिफा.

माप आफिफा घ्यायची. शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही. एका हातानं टेप गुंडाळावा तर दुसरा हात फुगतो, खांदा वळतो, आणि आकडा आपल्याला हवा तिकडं किंवा आपल्याला भीती वाटते तिकडं जातो. त्यानं करून बघितलं होतं. एका बसण्यात पावणेअकरा, साडेअकरा आणि दहा, असे तीन दंड आले. म्हणून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, जुम्याची नमाज झाल्यावर, दुकान पुन्हा उघडायच्या आधी, तो बाही वर करून भिंतीकडं तोंड करायचा आणि आफिफा माप घ्यायची. घरात ती त्याच्याशी दखनीत बोलते, पण आकडा मराठीत सांगायची, गिऱ्हाइकाला सांगावा तसा. नोव्हेंबर, साडेअकरा. डिसेंबर, साडेअकरा. जानेवारीत पावणेबारा झालं. तो शुक्रवार त्याला आठवतो: त्यानं तीन सदऱ्यांची कॉलर एका दमात बसवली, अम्मीला सिद्धेश्वर धरणाची मासळी आणून दिली आणि संध्याकाळी आफिफाला उगाच म्हणाला, की तुझा तो हिरवा सूट घाल. फेब्रुवारीत पुन्हा साडेअकरा. कुणीतरी पाव इंच परत नेला. मार्चचं साडेअकरा रोज्यांवर ढकलता आलं. एप्रिलमध्ये पावणेबारा, आणि या वेळी तो हसला नाही, वाट बघत राहिला. आणि मे महिन्यात, व्हायचं तेच, साडेअकरा. जूनमध्येही तेच. देऊन परत घेतंय कुणीतरी. थोडं वर येऊ द्यायचं आणि खाली ओढायचं, असं करणारं आपल्या आत काही बसलंय, की आपल्या मागं उभं असलेलं कुणी?

कारण दुसरीही एक गोष्ट होती, आणि ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. आफिफा माप घेताना तिची बोटं त्याच्या दंडाला लागायची. टेपच्या आत. नोव्हेंबरात तीन बोटं होती, थंड, सपाट, शेजारीशेजारी टेकवलेली. भिंतीकडं बघताना त्याला वाटायचं, आकडा काहीही येवो, ही तीन बोटं आहेत. लग्नाला चार वर्षं झाली होती. आफिफा तेहेतिसाची. तिला लेकरू हवं होतं, आणि तो थांब म्हणत होता. रोगाचं एकदा कळू दे, मग. ती दर वेळी हौ म्हणायची. मग केव्हातरी हिवाळा संपताना तिनाची दोन बोटं झाली. त्याच्या ते लगेच लक्षात आलं, कारण शिंप्याच्या अंगाला असं लगेच कळतं. आणि उन्हाळ्यात एकच. जूनच्या शुक्रवारी त्यानं डोळे मिटून मोजलं होतं: एक. तेही टेकवून काढून घेतल्यासारखं. माणूस असाच जातो. एकदम जात नाही; एकेक बोट काढून घेतो. तिला आता कंटाळा आला होता, किंवा किळस, किंवा तिनं अब्बांना भरवताना अम्मीला पाहिलं होतं आणि मनात काही ठरवलं होतं. त्यानं रात्रीच्या जेवणात बघितलं, सकाळी चहा देताना बघितलं, तिच्यात बदललेलं काही दिसेना, आणि न दिसणं हेच तर.

"मास्तर, तुमी कापडाकडं बघून राहिले की माझ्याकडं?" रूपाबाई म्हणाली.

तो दचकला. खरंच तो आरशात बघत होता. आफिफानं कोमलला समोर उभं केलं होतं. बाकीची मापं पडद्याआड झाली होती. दंडाचं तेवढं पडद्याबाहेर, कारण आत दोघींना हात पसरायला जागा नाही. कोमल कॉलेजातली, काडीसारखी. आफिफानं तिच्या दंडाला टेप घातला आणि टेपच्या आत बोटं सरकवली. एक, दोन, तीन. आकडा लिहिला. मग रूपाबाई. तिच्या दंडावर बांगड्या वर सारल्या, टेप घातला, आत एक बोट.

"ए बाई, थांब," रूपाबाई म्हणाली. "तिला तीन बोटं आन् मला एक? मला काहून कंजुषी?"

"मावशी, तुम्ही भरल्या अंगाच्या. कोमल वाळकी आहे."

"भरल्या अंगाची म्हणे. जाडी म्हण सरळ."

"काकू, जाडीच म्हणाल्या त्या," कोमल म्हणाली. "फक्त चांगल्या शब्दात."

आफिफा हसत होती. "कादर अब्बांनी शिकवलं मला असं. वाळक्याला तीन, बेताच्याला दोन, भरल्याला एक. वाळक्या माणसाला अंगाबराबर कपडा दिला की तो आणखी वाळका दिसतो, त्याला कपड्यात हवा द्यायची. भरल्याला हवा दिली की पोतं दिसतं."

"मरो ते पोतं," रूपाबाई म्हणाली. "मला दोन घाल. मला बी हवा लागते."

बाहेरून धनसिंगनं हाक मारली, जीप निघाली होती. दोघी गेल्या. कोमलची ओढणी खुर्चीवर राहिली होती, ती घ्यायला ती पळत परत आली आणि पुन्हा गेली. या सगळ्यात जुबेर आरशासमोर उभा होता आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट सावकाश फिरत होती, भरलेल्या बॉबिनसारखी. तो स्वतः काम शिकला होता नांदेडला, मोठ्या दुकानात. तिथं माप उघडं घ्यायचे, अंगाला टेकवून, आणि ढिलाई नंतर कागदावर मिळवायचे. अब्बा बोटं घालायचे, हे त्याला लहानपणी माहीत होतं आणि मग तो विसरला होता. पुरुषांची मापं तो घ्यायचा, त्याच्या पद्धतीनं, त्याच्या वहीत. बायकांची आफिफा, अब्बांच्या पद्धतीनं, तिच्या वहीत. चार वर्षं एका दुकानात दोन पद्धती शेजारीशेजारी चालल्या होत्या आणि त्यांची कधी गाठ पडली नव्हती, कारण पुरुष असून बायकांच्या पद्धतीनं मापला जाणारा माणूस एकच होता, तो स्वतः.

"आफिफा."

"अजी?"

"माझ्या दंडाला किती बोटं घालतेस?"

ती टेप गळ्यात टाकत होती, थांबली. आठवायला लागली, आणि तिला आठवावं लागतंय हे त्यानं टिपून घेतलं. "आधी तीन घालायचे. रोज्यांच्या आधीपासून दोन. आता एक."

"काहून?"

"काहून म्हणजे? भरलात म्हणून." मग तिनं त्याच्याकडं नीट बघितलं, आणि हळूहळू तिच्या तोंडावर ते आलं जे त्याच्याही डोक्यात फिरत होतं. "या अल्ला. तुम्ही उघडं माप समजत होतात?"

"सांगितलं नाहीस."

"सांगायचं काय त्यात? हात आपोआप जातो. तुम्ही शिंपी आहात, तुम्हाला ठाऊक असेल वाटलं." ती हसायला लागली होती आणि त्याचं तोंड बघून थांबली. "अजी, म्हणजे वाढलंय. पाव इंच कमी झालं ते त्या-त्या महिन्यांत मी बोट काढलं म्हणून. ऐकलं का? वाढलंय."

वाढलंय. हा शब्द त्यानं सात महिने ऐकायचा म्हणून कान तयार ठेवला होता, आणि आता तो आला तर कानाच्या बाहेरच उभा राहिला. किती सोपं होतं. किती सोयीचं होतं. आत्ता, नेमकं आज, धनसिंगनं दंड धरल्यावर अर्ध्या तासानं. तिनं ते बोलणं ऐकलं असणार, ती पडद्याजवळच होती. आणि बोटं खरंच मापासाठी काढली, की आधी काढली आणि कारण आत्ता सापडलं? एका बोटानं माप किती वाढतं? अर्धा इंच धरला, तरी बोट कसं ठेवलं, आडवं की तिरपं, त्यावर पाव इंच इकडंतिकडं. "तू मला बरं वाटावं म्हणून बोलून राहिलीस," तो म्हणाला. आवाज त्याला अब्बांसारखा वाटला.

आफिफानं गळ्यातला टेप काढला. "मला खोटं बोलायचं असतं," ती म्हणाली, "तर मी जानेवारीतच बारा सांगितले असते. फेब्रुवारीत साडेबारा. आत्तापर्यंत आपलं लेकरू पोटात असतं. मी दर महिन्याला तुमच्या पाठीमागं उभं राहून साडेअकरा म्हणले. मला ते म्हणताना काय होत होतं, विचारलं कधी?"

त्यानं विचारलं नव्हतं. तो भिंतीकडं बघत असायचा.

"घ्या. बाही वर करा."

त्यानं बाही वर केली. या वेळी त्यानं भिंतीकडं बघितलं नाही. टेपकडं बघितलं, आणि अंग फुगू नये म्हणून श्वास सोडून दिला. आफिफानं टेप घातला, बोटं बाहेर ठेवली, मुद्दाम लांब, दोन्ही हातांच्या चिमटीत फक्त टोकं. टेप कातडीला थंड लागला. मधे काहीच नव्हतं. अकरा. रेषेवर. ती म्हणाली नाही, त्यानंच वाचला.

"पहिल्या दिवसाचं उघडं किती असेल?" त्यानं विचारलं.

"ते कुणी घेतलंय?"

अकरा हा आकडा तिथंच लटकत राहिला. अकरा हे दहाचे झालेले अकरा असतील, किंवा सव्वाअकराचे उरलेले. मागं दुसरा आकडा असल्याशिवाय आकड्याला तोंड नसतं. फाट्यावर एक ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याची टीं टीं बराच वेळ वाजत राहिली, आणि मग काचा हलल्या. त्याला धनसिंगची चिमूट पुन्हा जाणवली, त्याच जागी, टेपच्या खाली.

"मग आजपासून धरू," तो म्हणाला. "उघडं माप. सात महिने बघू."

आफिफानं टेप बोटांभोवती गुंडाळायला सुरुवात केली, घट्ट, एकावर एक. "धरा," ती म्हणाली. "त्यात माझ्या वयाचेही सात महिने धरा. आणि माप दुसऱ्या कुणाकडून घ्या. मी नक्को." गुंडाळलेला टेप तिनं काउंटरवर ठेवला, त्याच्या हाताजवळ, आणि मशीनवर जाऊन बसली. कोमलचं कापड पसरलं. खडू मागितला. तो खडू अजून त्याच्याच बोटांत होता, तो त्यानं दिला, आणि देताना तिचं बोट त्याच्या बोटाला लागलं की नाही, हे त्याला कळलं नाही.

जिमच्या पहिल्या सकाळी जुबेरचा उजवा दंड, मधे बोट न घालता, पावणेदहा इंच होता.